रवींद्रकाकांना कर हवा होता

"आमच्यावर कर लावा," अशी सरकारची विनवणी करणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. अमेरिकेत, अलास्कातल्या अँकरेजचे आमचे रवींद्रकाका. नागपूरहून आले, उभी हयात रस्ते-पूल बांधण्यात घालवली आणि इथेच रिटायर झाले. अलास्काचं सरकार चालतं तेलावर. राज्याचा आयकर नाही, उलट दर वर्षी प्रत्येकाच्या हातात तेलाच्या फंडातला चेक पडतो. अशा ठिकाणी हे गृहस्थ कर मागत! गणपतीला जमलेली मंडळी त्यांची टर उडवायची. "काका, तुमचा चेक आम्हाला डोनेट करा ना यार!" काका तेवढ्यापुरते हसत.

मला त्या मंडळींची चीड यायची, कारण काकांच्या घरची परिस्थिती सगळ्यांना ठाऊक होती. शरयूकाकूंना विसरण्याचा आजार जडला होता. अशांना दिवसभर सांभाळणारं एक सेंटर होतं, सरकारी मदतीवर चालणारं. तिथे काकू रमायच्या, गाणी म्हणायच्या. २००३ मध्ये तेलाचा पैसा पुरेना, मदत थांबली आणि सेंटरला कुलूप लागलं. काकांचं म्हणणं साधं होतं: म्हाताऱ्यांचे दिवस तेलाच्या भावावर का टांगून ठेवता? थोडा कर घ्या, तेजीतला पैसा बाजूला टाका आणि सेंटर उघडा. बजेटच्या प्रत्येक जनसुनावणीत ते हेच सांगत. बोलायला दोन मिनिटं मिळत. आमदार मान डोलावत आणि पुढचं नाव पुकारत.

२००८ च्या उन्हाळ्यात तेलाचे भाव आभाळाला भिडले. आता नेहमीच्या चेकवर आणखी पैसे वाटायचं घाटत होतं. त्यावरच्या सुनावणीला काकांना मीच गाडीतून नेलं. काकूंना ठेवणार कुठे, म्हणून त्याही आल्या.

हॉल भरला होता. लांब टेबलं, कॉफी, कडेला बसलेली म्हातारी माणसं. ते बघून काकूंचा चेहरा उजळला. एका अनोळखी आजींचा हात धरून त्या शेजारी बसल्या.

काका माइकपाशी गेले. "भाव पुन्हा पडेल," ते इंग्रजीत म्हणाले, "तेव्हा कुणाचं दार बंद करणार?"

"आधी आमचे चेक द्या!" मागून कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. टाळ्या ऐकून काकूंना वाटलं, कार्यक्रम सुरू झाला. त्या उठल्या आणि खणखणीत आवाजात मराठी गाणं म्हणू लागल्या. काकांचा वेळ अजून उरला होता, पण ते पुढे बोललेच नाहीत. गाणं संपेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग अध्यक्षांनी थँक यू म्हटलं. मला रडू आवरेना.

परतताना काकू खुशीत होत्या. "अहो, सेंटर उघडलं आणि मला सांगितलंही नाहीत! आता रोज सोडाल ना?"

"सोडीन हं," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला. आदल्या दिवसातलं नेमकं एवढंच काकू विसरल्या नव्हत्या. कोट-बूट घालून त्या दारात बसल्या होत्या, आणि त्यांना कुठे न्यायचं, हे काका मला विचारत होते.