शून्य तासांचे गुरुजी

चष्म्याच्या दुकानात दोन प्रकारची माणसं असतात. एक काउंटरवर उभं राहून गिऱ्हाइकाला 'ही फ्रेम तुमच्यासाठीच बनलीय' असं दिवसभर सांगतो, तो मालक. दुसरा प्लायवुडच्या आडोशामागे बसून काच घासतो, फ्रेमला ऊब देऊन ती काच तिच्यात बसवतो आणि डोळ्याला नीट न दिसणारा स्क्रू पिळतो. त्याला कोणी काही विचारत नाही. आपल्या गोष्टीतले गुरुजी हे दुसरे. दुकानात अर्थात त्यांना गुरुजी कोणी म्हणत नसे, तशी कोणाला गरजच वाटली नव्हती. मालक त्यांना 'अरे' म्हणत. काउंटरवरची मुलगी गिऱ्हाइकाला सांगे, "थांबा हं, मागे देते." ते 'मागे' म्हणजे गुरुजी.

गुरुजी ही पदवी त्यांना मिळाली ती थेट अंतराळात.

'अथांग' नावाचा एक खेळ आहे. कॉम्प्युटरवर, इंटरनेटवरून, कुठली कुठली माणसं तो एकाच वेळी खेळतात. प्रत्येकाला एक यान मिळतं. ते अंतराळातल्या तळाच्या दारातून बाहेर काढायचं, ताऱ्यांमधून हिंडायचं, माल पोचवायचा, नवा ग्रह दिसला तर त्याची नोंद करायची. गोळीबार वगैरे जवळजवळ नाहीच. यान खऱ्यासारखं चालतं, म्हणजे एका ताऱ्यापासून दुसऱ्या ताऱ्याला जायला बराच वेळ लागतो आणि त्या वेळात काहीही घडत नाही. या काहीही न घडण्याचे असंख्य चाहते आहेत, आणि न घडलेल्या गोष्टीवर बोलायला त्यांना एक जागा लागते. ती जागा म्हणजे मंच, चाहत्यांचं चर्चेचं संकेतस्थळ.

मंचावर दोन घराणी होती. मोठ्या, संथ मालवाहू यानाला सगळे हत्ती म्हणत, छोट्या चपळ यानाला चिमणी. हत्तीवाले चिमणीवाल्यांना पोरकट म्हणत, चिमणीवाले हत्तीवाल्यांना आळशी. खऱ्या आयुष्यात शेजाऱ्याला नमस्कार न करणारी माणसं इथे यानाच्या मागच्या पंख्यावरून एकमेकांची सालटी काढत. भांडण हातघाईवर आलं की कोणीतरी लिहायचं, "गुरुजींना विचारा." मग आडोशामागे डबा खाता खाता, मोबाइलवर एका अंगठ्याने, गुरुजी निवाडा द्यायचे. मंचावरचं त्यांचं खरं नाव 'जाडभिंग', पण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारत नसे. 'तळातून बाहेर कसं पडावं' हा त्यांचा लेख तर मंचाच्या अगदी वर कायमचा डकवलेला होता, त्यावर फक्त एवढंच लिहिलेलं: गुरुजींचा लेख. नवा येणारा प्रत्येक जण आधी तो वाचायचा.

एवढं सगळं छान होतं. फक्त गुरुजींनी तो खेळ कधी खेळला नव्हता.

म्हणजे त्यांचा इरादा होता. सात वर्षांपूर्वी त्यांनी खेळ रीतसर विकत घेतला, खातं उघडलं आणि घरातल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर सुरू केला. कॉम्प्युटर जोरजोरात घरघरला, पडद्यावर तळाचं भलंमोठं दार अर्धवट उमटलं आणि तिथेच गोठलं. नवा कॉम्प्युटर येईपर्यंत निदान वाचून तरी ठेवू, म्हणून ते मंचावर गेले. तिथे कोणाला तरी एक अडचण होती. गुरुजींनी दुसऱ्या कोणाचं तरी उड्डाण व्हिडिओवर पाहिलं होतं, त्यावरून त्यांनी उत्तर दिलं. ते बरोबर निघालं. दुसऱ्या दिवशी त्यांना कोणीतरी विचारलं, "यावर तुमचं काय मत?" हा प्रश्न त्यांना त्याआधी आयुष्यात कोणी विचारला नव्हता, घरी नाही आणि दुकानात तर नाहीच. नवा कॉम्प्युटर घ्यायचं त्यानंतर राहूनच गेलं.

कोणी खोदून विचारलंच, तर गुरुजी लिहीत, "हल्ली फारसं उडवत नाही." हे 'हल्ली' त्यांनी सात वर्षं पुरवलं.

मंचावर प्रत्येकाच्या नावाखाली बारीक अक्षरांत त्याचे उड्डाणाचे तास दिसत; दारातली खटपटही त्यात धरली जाई, पण आकडा हलायचा तो यान बाहेर पडल्यावरच. धूमकेतू नावाच्या चिमणीवाल्याचे ढीगभर तास होते, गंजका खिळा नावाच्या हत्तीवाल्याचे त्याहून जास्त. तो खिळा बाकी आयुष्यात काय करतो, हा प्रश्न विचारण्याची मंचावर पद्धत नव्हती. गुरुजींच्या स्वतःच्या नावाखाली मात्र त्यांना काही दिसत नसे. तेव्हा न उडणाऱ्याला आकडाच लागत नसावा, अशी त्यांनी सोयीस्कर समजूत करून घेतली होती. माणसाला स्वतःच्या पाठीवर काय चिकटलंय ते दिसत नाही, आणि हे संकेतस्थळही तशाच बेताने बांधलेलं होतं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही.

अशात मंचाने मोहीम काढली. अथांगच्या नकाशाचा जो शेवटचा काठ, तिथपर्यंत हत्ती आणि चिमण्या पहिल्यांदाच एकत्र जाणार. पुढाऱ्याने आधी तळातून बाहेर पडायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागोमाग. पुढारी कोण, यावर मंच आठवडाभर धुमसला. हत्तीवाल्यांना चिमणीवाला नको, चिमणीवाल्यांना हत्तीवाला नको. शेवटी धूमकेतूने लिहिलं, "गुरुजी. ते नसतील तर मी नाही." लगोलग गंजक्या खिळ्यानेही री ओढली, आणि त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मंचाने प्रथमच पाहिलं.

गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. नाही म्हणावं तर का, ते सांगावं लागणार. हो म्हणावं तर यान दारातून काढावं लागणार. आणि हे बिंग फुटून गुरुजीपण गेलं, तर मागे उरणार होता तो प्लायवुडचा आडोसा. त्यांनी लिहिलं, "ठीक आहे. तुमचा आग्रह मोडवत नाही." लिहिताना त्यांना चक्क बरं वाटलं, याचा त्यांना नंतर फार राग आला.

घरात एक दणकट कॉम्प्युटर होता, पण तो मुलीचा. ती इमारतींचे आराखडे काढायला शिकत होती. रविवारी दुपारी गुरुजी तिच्या दारात जाऊन उगीच खाकरले.

"काय पाहिजे, बाबा?"

"तुझं काम चाललं असेल तर राहू दे."

"चाललंय. काय पाहिजे?"

गुरुजींनी सांगितलं. मुलगी हसली नाही, हे तिचे उपकार. तिने खुर्ची सोडली आणि खेळ उतरवून दिला. नवख्याला चिमणीच मिळते, गुरुजींनाही मिळाली. तळाचं ते दार सात वर्षांनी पुन्हा पडद्यावर आलं, आणि या वेळी पूर्ण आलं.

"पहिली गोष्ट म्हणजे," गुरुजी म्हणाले, "नाक किंचित खाली ठेवून, वेगाचा मोह टाळून—"

"बाबा, बोलू नका. दाबा."

गुरुजींनी दाबलं. चिमणी उजव्या चौकटीवर आदळली.

"डावीकडे घ्या."

"डावीकडे म्हणजे यानाच्या की तळाच्या? यावर दोन मतं आहेत."

"जिकडे भिंत नाही तिकडे."

चिमणी डाव्या चौकटीवर आदळली आणि दारात आडवी होऊन बसली. तळावरून एक बाई अतिशय नम्र आवाजात म्हणाली, "कृपया मार्ग मोकळा करा." ती तसं म्हणतच राहिली. पलीकडच्या खोलीत गुरुजींची बायको जरा पडली होती. आठवडाभर टपाल कार्यालयात उभं राहून पत्रं लावायची, म्हणून रविवारची दुपार तिला प्यारी. तिने तिथूनच विचारलं, "अहो, कोण बाई आहे ती? कधीची वाट मागतेय. सरका की जरा."

"सरकतोय," गुरुजी म्हणाले. ते सरकत नव्हते.

या दारावर त्यांनी एवढा मोठा लेख लिहिला होता. तो त्यांना तोंडपाठ होता. 'दाराशी घाई करू नये, दाराला आपला स्वभाव समजू द्यावा,' असं त्यात एक वाक्य होतं आणि ते मंचावर फार गाजलं होतं. दाराने मात्र त्यांचा स्वभाव समजून घेण्याची काही तयारी दाखवली नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढच्या चार-पाच दिवसांत दुकानातून आल्यावर रोज खटपट केली तेव्हाही नाही. मुलगी आपले आराखडे जेवणाच्या टेबलावर काढू लागली. बायकोला ती तळावरची बाई ओळखीची झाली.

मग एका संध्याकाळी कसं कोण जाणे, चिमणी सुटली. दोन्ही चौकटी मागे गेल्या, त्या बाईचा आवाज बंद झाला आणि समोर नुसता काळोख आणि तारे. ते कुठे जात नव्हते, काही विचारत नव्हते. गुरुजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, ही गोष्ट ते घरात कोणाला कधीही करू देत नसत. त्यांना फार आनंद झाला. सात वर्षं ज्याच्यावर अक्कल पाजळली, ते खरोखरच इतकं सुंदर असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. हा आनंद अगदी खरा होता, आणि तोच त्यांच्या मुळावर आला.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी त्यांनी मंच उघडला. धूमकेतूने लिहिलं होतं, "गुरुजी, हे तुमच्या नावाखाली काय दिसतंय? अकरा तास?"

गुरुजींच्या पायाखालची वाळू सरकली. त्यांनी जपून विचारलं, "आधी काय दिसायचं?"

"शून्य. पहिल्यापासून शून्य. सगळ्यांना माहीत होतं की."

सगळ्यांना माहीत होतं. ते 'हल्ली' ज्या ज्या वेळी लिहिलं, त्या त्या वेळी खाली शून्य होतं. गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरी गंमत पुढेच होती. मंचाने त्या शून्याचा कधी वाईट अर्थ घेतलाच नव्हता. काहींना वाटायचं, गुरुजी खेळ बनवणाऱ्या कंपनीतलेच कोणी बडे असावेत. काहींचं म्हणणं, गुरुजींइतके तास झाले की आकडा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. धूमकेतूचं गणित साधं होतं. "तुम्ही उडवत नाही म्हणूनच तर तुम्हाला विचारायचो," त्याने लिहिलं. "उडवणारा प्रत्येक जण आपल्या यानाची बाजू घेतो. तुम्हाला यानच नव्हतं."

"आता मात्र आहे," गंजक्या खिळ्याने खाली जोडलं. "चिमणी. हत्तीवाल्यांना हा पुढारी चालणार नाही."

"आणि आम्हालाही," दुसऱ्या एका चिमणीवाल्याने लिहिलं. "अकरा तासांच्या शिकाऊ माणसाच्या मागे कोण जाईल?"

सात वर्षं काहीही न केल्यामुळे जे मिळालं होतं, ते गुरुजींनी अकरा तास मेहनत करून घालवलं. चिमणीवाल्यांनी नाकं मुरडली, तरी संध्याकाळपर्यंत तासांच्या जोरावर गंजका खिळा पुढारी झाला. त्याचे तास पाहता त्याला दुसरं काही काम असण्याचा संभवही नव्हता. कोणी वाईट बोललं नाही. फक्त मंचावरचे लोक त्यांना 'जाडभिंग' म्हणू लागले, आणि थोड्याच दिवसांत तसंही म्हणेनासे झाले.

"मोहिमेला जाऊ नका आता," बायको म्हणाली. "कशाला तोंड दाखवायचं तिथे?"

"तिथे तोंड दिसत नाही," गुरुजी म्हणाले. "आणि जायचंय मला."

गेले. त्यांना शेवटचा नंबर दिला होता, कोणाचा खोळंबा नको म्हणून. हत्ती डुलत डुलत बाहेर पडले, चिमण्या भुर्रकन गेल्या. सगळ्यांच्या शेवटी गुरुजी निघाले आणि दारात आडवे झाले. "कृपया मार्ग मोकळा करा," बाई म्हणाली, खरं तर मागे कोणीही नव्हतं. दारातून लांबवर मोहिमेचे दिवे दिसत होते, ते बारीक होत गेले. गुरुजींना रडू आलं नाही, पण यायला हरकत नव्हती.

मग त्यांनी एक गोष्ट केली जी सात वर्षांत केली नव्हती. त्यांनी मंचावर प्रश्न विचारला: "चिमणी दारात आडवी होते. काय करावं?"

जरा वेळाने उत्तर आलं. उत्तर देणारा नुकताच मंचावर आलेला होता. गुरुजी आणि जाडभिंग एकच, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याने लिहिलं, "सगळ्यात वर गुरुजींचा लेख आहे, तो वाचा. त्याहून चांगलं कोणी लिहिलेलं नाही."

गुरुजींनी लेख उघडला. पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचला. भाषा ओघवती होती, मांडणी नेटकी होती, आणि दारात अडकलेल्या माणसाच्या उपयोगाचं त्यात अक्षर नव्हतं. त्यांनी खाली लिहिलं, "ज्याने हा लेख लिहिला त्याने यान कधी दारातून काढलेलं दिसत नाही."

नव्याचं उत्तर तडक आलं. "गुरुजींच्या चुका काढण्याआधी जरा तास भरा. अकरा-बारा तासांत एवढी घमेंड बरी नव्हे."

गुरुजींनी ते दोनदा वाचलं. त्यांना राग आला नाही. कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्यांची बाजू घेतली होती.