अल्बममधला भोंगा

त्या गाण्यात माझ्या आवाजाच्या आधी भोंगा वाजतो. माझ्या वाट्याला उणंपुरं अर्धं मिनिट आलं, त्यातही सुरुवात त्यानंच खाल्ली.

तुर्कस्तानातल्या एका पॉप गायिकेनं मला शोधून काढलं होतं. आईकडून आलेली भुलाबाईची गाणी मी हौसेनं फोनवरून नेटवर टाकत असे, ती तिच्या कानावर पडली. आपला पहिला अल्बम इतका गाजला, की दुसऱ्याच्या धास्तीनं घास गिळवत नाही, असं तिनं लिहिलं. तिला स्टुडिओतला आवाज नको होता, स्वयंपाक करता करता गाणाऱ्या बाईचा हवा होता. खिडक्या मुळीच बंद करू नका, हे तिनं दोनदा बजावलं. मीही आज्ञाधारक. भर दुपारी, कुकर उतरवून, खिडकी उघडी ठेवून गायला लागले, तोच फॅक्टरीचा भोंगा झाला. एवढा भाग ते कापतील, असं समजून मी तसंच पाठवून दिलं.

त्या फॅक्टरीत माझा नवरा चौतीस वर्षं होता. तिथे लष्करासाठी काय बनतं, हे मला आजही ठाऊक नाही. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. गेटसमोर पाहुण्यांनी फोटो काढला, तर हे तिथल्या तिथे पुसायला लावत. आमच्या घमापुरातल्या घरात फॅक्टरीचा शब्द निघत नसे. आणि मी बाईनं तिचा भोंगाच परदेशी धाडला होता.

अल्बम आला तेव्हा यांच्या रिटायरमेंटला आठ महिने उरले होते. तुमच्या त्या भोंग्यानंच गाणं सुरू केलंय, असं तिनं आनंदानं कळवलं. काढून टाक, म्हणून मी विनवण्या केल्या. आता सगळीकडे गेलंय, असं उत्तर आलं. शत्रूला मदत करतो म्हणून टीव्हीवर तेव्हा तुर्कस्तानच्या नावानं शंख चालू होता. यांची नोकरी जाणार, पेन्शन अडकणार, आणि तेही माझ्या गाण्याच्या हौसेपायी!

लोकांच्या प्रतिक्रिया मी फोनवर भाषांतर करून वाचायची. पहिल्या अल्बमवर नाचलो, हा रडवतो, अशी पुष्कळांची तक्रार होती. भोंगा मात्र सर्वांना आवडला. आपल्या सामुद्रधुनीतलं जहाजच आहे, अशी त्यांची खात्री होती. मला हायसं वाटलं, पण एका चहापुरतंच. इस्तंबूल फसेल, घमापूर कसं फसणार? गल्लीत जीप थांबली की मी गॅस बंद करून उभी राहायची. यांना यायला दहा मिनिटं उशीर झाला, की साहेबानं बोलावलं असणार, असंच वाटायचं. यांना सांगायचा धीर शेवटपर्यंत झाला नाही.

आठ महिने कसेबसे सरले. ढोल वाजवत, हार घालून लोकांनी यांना घरी आणून सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा झाला. हे सवयीनं खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. मग खिशातून फोन काढून त्यांनी तेच गाणं लावलं. माझ्या हातातला झारा हातातच राहिला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. तू अंदर ऐकून राहिली होती. चौतीस वर्षं ऐकला मी तो, ओळखणार नाही का?"

"मग बोलले काहून नाही?"

"तू घाबरली असती."

असा संताप आला! आठ महिने एका ताटात जेवलो आम्ही. "आणि तुम्ही?" मी ओरडलेच.

"मी? रोज गेटवर कार्ड दाखवताना वाटे, आज रोकतील." ते हसायला गेले, पण हसू काही आलं नाही. "चलो, झालं आता. आवाज छान लागला तुझा. पूरा ऐकू दे एकदा."

ते उठले, खिडकी लावून घेतली, कडी नीट बसली का ते पाहिलं आणि मग गाणं पुन्हा लावलं.