वीज नसताना वाजलेलं व्हायोलिन

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आज सत्तरी ओलांडली तरी नाही. चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, सजवून लिहिता येत नाही. या सदरात लोक पांढऱ्या साडीतल्या बायका आणि उलटे पाय लिहितात, ते वाचून मला हसू येतं. माझ्या गोष्टीत बाई नाही, पाय नाहीत... फक्त आवाज आहे.

पेणजवळ हमरापूरला आमचा गणपतींचा कारखाना. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची लांब शेड. नवरा वारला तेव्हा एकच किमती वस्तू ठेवून गेला — त्याने स्वतः घडवलेल्या मूर्तीचा रबरी साचा. तसा चेहरा आसपास कोणाकडे नव्हता. मूळ मूर्ती तडकून गेलेली, ओतलेल्या मूर्तीवरून नवा साचा काढायचं काम मला येत नव्हतं, म्हणजे साचा गेला की चेहरा गेला. तो चेहरा बघून गिऱ्हाईक यायचं आणि त्यावर मी नि माझ्या दोन मुली जेवायचो. धाकटा भाऊ वसंता मदतीला येऊन राहिला होता. ओतकाम तो बघायचा, डोळे मी आखायची.

तेव्हा व्हिडिओ भाड्याने आणायची पद्धत होती. कामावरच्या बायकांना कंटाळा येऊ नये म्हणून वसंता शेडमध्ये लावायचा, बहुतेक खुनाचे सिनेमे. मी टीव्हीकडे पाठ करून बसायची, कारण तोंडासमोर गणपती. त्यामुळे ते सिनेमे मी बघितले नाहीत, ऐकले. आणि ऐकून एक कळलं — सुरीला कोणी घाबरत नाही. आधी व्हायोलिन एकच बारीक सूर धरून वर चढतं, खाली काहीतरी धडधडतं, तेव्हाच बायका पदर तोंडात धरायच्या. पडद्यावर नुसतं बंद दार असलं तरी. एकदा टीव्हीचा आवाज बिघडला, तर तोच सिनेमा बघून सगळ्या खिदळत होत्या.

"बघ गो, खुनी कसा चाललाय! दूध प्यायला आलाय जसा!"

व्हायोलिन चढायला लागलं की मी ब्रश मूर्तीपासून उचलायची. पुढच्या क्षणी कोणीतरी किंचाळणार, माझा हात हलणार आणि देवाचा डोळा तिरका होणार. हाताला सवयच लागली.

गणपती जवळ आले होते. दुपारची वेळ, सगळ्या गावाची वीज गेलेली, टीव्ही काळा. बायका जेवायला घरी गेलेल्या. शेडमध्ये मी, आणि माझ्या मागे वसंता. मुंबईचा एक नवीन व्यापारी माल बघायला येणार होता. तो आला, दारातून आत पाऊल टाकलं — आणि व्हायोलिन सुरू झालं.

लांबून नाही, शेजारून नाही. शेडमध्ये, डोक्यावर. माझा हात आपोआप उचलला गेला.

सूर चढतोय आणि समोर सफारीतला तो माणूस हसत उभा. मला काय वाटणार? सिनेमात ज्याच्यावर वाजतं तोच खुनी.

"मावशी, फिरून बघू का?"

"बघा. हात लावायचा नाय."

"अहो, घ्यायचं तर हात लावून बघायला नको?"

"डोळ्यांनी घ्या."

तो जाईल तिथे मी त्याच्या मागे. एक क्षण नजर हटवली नाही. शेवटी त्याला झोंबलं. "चोर समजता काय मला?" मी नाही म्हटलं नाही. तणतणत निघून गेला. आवाज कधी थांबला ते लक्षात नाही.

संध्याकाळी साचा माझ्या पाठीमागच्या फळीवर नव्हता. वसंताही नव्हता. त्याची बायको बाळंतपणाला रोह्याला माहेरी होती, तिकडे गेला असेल म्हटलं. मला बोलण्यात गुंतवून व्यापाऱ्याने मागून माणूस घातला असणार, असंच मी धरून चालले. सख्ख्या भावावर संशय कोण घेतं?

चतुर्थीच्या थोडं आधी भाचा बघायला रोह्याला गेले. वसंताच्या सासऱ्याच्या पडवीत मूर्ती ओळीने मांडलेल्या. सगळ्यांना माझ्या नवऱ्याने घडवलेला चेहरा. डोळे मात्र भलत्याच कोणीतरी आखलेले.

"साचा कुठाय रे?"

"आत हाय. ताय, आरडू नको, घरात ओली बाळंतीण हाय."

"माझ्या पोरींच्या तोंडातला घास काढलास तू."

"तुला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"मी साचा गोणपाटात गुंडाळायला घेतला आणि ते वाजायला लागलं. वीज नाय, टीव्ही बंद. तू ब्रश उचललास. म्हटलं हिला पण आयकू आलं, आता वळेल आणि कानाखाली काढेल. तू वळलीच नाय. त्या सफारीवाल्याच्या मागे गेलीस. मला वाटलं... ताय समजली, साचा ने म्हणते."

त्या आवाजाबद्दल मी कोणाला एक अक्षर बोलले नव्हते. मुलींनाही नाही. थापा मारतोय असं वाटून म्हटलं, "कसं वाजत होतं, सांग." त्याने तोंडाने काढून दाखवलं. तोच सूर, तसाच चढता. आत बाळ रडायला लागलं तेव्हा थांबला.

साचा मी उचलून आणला. पण सीझन हातचा गेला होता, आणि त्याने ओतलेल्या मूर्तीवरून दुसरा साचा काढून ठेवला होता. चेहरा माझा एकटीचा राहिला नाही.

लोक म्हणतात मनाचे खेळ. दोघांच्या मनाचा एकच खेळ? कोणी म्हणतं, शेजारचा बॅटरीवरचा रेडिओ असेल. त्या वेळी रेडिओवर खतांची माहिती सांगायचे. एक जणी म्हणाली, नवऱ्याने सावध केलं. तो सरळ माणूस होता, 'मागे बघ' एवढंच म्हणाला असता.

वसंताने फसवलं ते मला कळतं. बायको, मूल, सासऱ्याचे टोमणे — त्याला स्वतःचा कारखाना हवा होता. पण जे वाजत होतं त्याला माझ्या पाठीमागे काय चाललंय ते ठाऊक होतं, आणि तरी ते वाजलं एक परका माणूस दारात उभा असताना. मला सावध करत होतं, की माझी नजर त्याच्यावर अडकवून वसंताला वाट करून देत होतं... ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.