ओटोचा हिवाळी टाइम

मर्ल टॉलेफसनने उभा जन्म कागद गिरणीचा भोंगा वाजवण्यात घालवला. त्याने भोंगा दिला की गाव उठायचं, जेवायचं, घरी परतायचं. गिरणी बंद पडली, भोंगा भंगारात गेला, पण मर्लचा स्वभाव भंगारात कोण घेणार? वेळ पाळायला लावावं असं हाताखाली कुणी उरलं नव्हतं. बायकोवर प्रयोग करून झाला होता, तो साफ फसला होता. मग राहता राहिला ओटो, त्यांचा आखूड पायांचा आणि लांबलचक पोटाचा कुत्रा.

आमच्या मिनेसोटात उन्हाळ्यासाठी पुढे केलेली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे घेतात. माणसं कुरकुर करतात आणि तासभर जास्त झोपतात. कुत्र्यामांजरांना हे कुणी कळवत नाही, त्यामुळे ती जुन्याच वेळेला येऊन माणसाच्या छातीवर बसतात. मर्लकडे यावर तोड होती. आठवडाभर आधीपासून ओटोचं जेवण रोज थोडं थोडं उशिरा द्यायचं, म्हणजे रविवार उजाडेपर्यंत तो आपोआप नव्या वेळेवर आलेला असतो. तोड खरोखर चांगली होती. त्रास एवढाच, की मर्ल ती सगळ्यांना सांगत सुटायचा.

"तुझी मांजर अजून जुन्याच वेळेला जेवते?" हार्डवेअरच्या दुकानात त्याने गावातल्याच गॉर्डीला हटकलं. सूर असा, की जणू विचारतोय, मांजर अजून दारू पिते का.

"ती मागेल तेव्हा देतो मी."

"तिथंच चुकतं तुझं. रोज जरा पुढे ढकल. ओरडली तर लक्ष द्यायचं नाही."

"तू तिला ओळखत नाहीस, मर्ल. ती ओरडत नाही. ती नुसती बघते."

त्या वर्षी मर्लच्या घरात आणखी एक तयारी चालली होती. बायको व्हर्ना चर्चमध्ये एकटीने गाणार होती. इतकी वर्षं ती चर्चच्या गायकवृंदात दुसऱ्या रांगेत, उंच डॉनाच्या पाठीमागे उभी राहून गायली. एकटीने गायचं ते डॉनाने, हे गावात ठरलेलंच होतं. पण घड्याळं बदलतात त्याच रविवारी चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्या माणसांची नावं वाचतात, आणि यंदा त्यात व्हर्नाच्या बहिणीचं, इर्माचं नाव होतं. नावं वाचून झाली की इर्माचं आवडतं गाणं मीच म्हणणार, असं व्हर्नाने पास्टरना सांगितलं होतं. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

त्यांच्या घरात कुत्रा मर्लचा आणि घड्याळं व्हर्नाची, अशी वाटणी होती. शनिवारी ओटोचा अभ्यासक्रम पुरा झाला. शेवटचं जेवण तरी नव्या घड्याळाप्रमाणे व्हावं, म्हणून मर्लने दुपारीच स्वयंपाकघरातलं घड्याळ तासभर मागे केलं, आणि भोंगेवाल्याच्या समाधानाने कुत्र्याला वाढलं. बायकोला सांगायचं राहून गेलं. रात्री व्हर्नाने, मनात गाणं घोळवत, दरवर्षीच्या सवयीने त्याच घड्याळाचा काटा आणखी एक तास मागे फिरवला, आणि त्यावरूनच उशाच्या गजराचंही घड्याळ लावलं.

सकाळी ओटो ताटलीपाशी येऊन उभा राहिला. अगदी शिकवल्याप्रमाणे, नव्या वेळेला. मर्लने भिंतीवर पाहिलं.

"तास आहे अजून," तो म्हणाला. "एवढं शिकवलं ते कुठं गेलं?"

ओटो भुंकला.

"देऊन टाक ना त्याला," आतून व्हर्ना म्हणाली.

"आज दिलं तर सगळं मुसळ केरात जाईल."

त्या घटकेला बरोबर वेळ ठाऊक असलेला त्या घरातला एकमेव प्राणी तासभर उपाशी बसून राहिला. गाडीतलं घड्याळ होतं, पण आमच्याकडे गाडीतलं घड्याळ बारा महिने उन्हाळ्याचंच असतं, ते कोण बघतो.

चर्चपुढे गाड्या लावायला जागा नव्हती. "आज गर्दी आहे बुवा तुझ्या गाण्याला," मर्ल खूश होऊन म्हणाला.

दारात गॉर्डी भेटला, हातात केकचा तुकडा. त्याने व्हर्नाकडे पाहिलं आणि केक पाठीमागे लपवला. "सगळे तळघरात आहेत," तो म्हणाला. "कॉफीला."

"प्रार्थनेआधीच कॉफी कशी?" मर्लने विचारलं.

"आधी नाही," गॉर्डी म्हणाला. "डॉना गायली. बरी गायली."

मर्लने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. शनिवारी रात्री व्हर्नाने तेही भिंतीवरच्या घड्याळावरूनच लावलं होतं, म्हणून ते त्याच्याशी चोख जुळत होतं. मग त्याला दुपारचं आठवलं, आणि गिरणी बंद झाली त्या दिवशीही कुणी पाहिला नसेल असा त्याचा चेहरा झाला.

व्हर्ना जिना उतरून थेट पास्टरांपुढे उभी राहिली.

"इर्माचं नाव वाचलंत?"

"वाचलं, व्हर्ना. पुढच्या रविवारी आपण—"

"मग गाणं तेवढं राहिलंय."

तिने पर्स सँडविचच्या ताटाशेजारी ठेवली आणि तिथंच सुरुवात केली. ऑर्गन नाही, काही नाही. मागे कॉफीचं मोठं विजेचं भांडं मोठमोठ्याने गुरगुरत होतं. मर्ल हळूच भिंतीकडेने गेला आणि त्याने वायर उपटली. डॉनाने हातातला कप खाली ठेवला.

गाणं संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आम्ही ल्युथरन पंथाचे, आमच्यात तशी पद्धत नाही. पण वायर परत लावायला कुणी उठलंही नाही. सगळ्यांनी उभ्या उभ्या थंड कॉफी संपवली, आणि आमच्याकडे याहून मोठी दाद कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.