तो पीस की ते पीस

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. तिला माझं सगळं माहीत आहे असं ती चारचौघांत सांगते, आणि मी मान हलवतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असता तर सांगितलं नसतं — तेवढी हिंमत माझ्यात नाही, हे आधीच बोलून टाकतो.

गोष्ट एका व्हिडिओ गेमची आहे. हसू नका. म्हणजे — हसा हवं तर.

चाकणला गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी आणि दत्ता ट्रेनी होतो. मी बार्शीचा, तो नांदेडकडचा. दोघंही तपासणी विभागात, आणि दिघीत एकाच खोलीवर. पण शिफ्ट उलट्या. मी पहाटे निघायचो तेव्हा तो घोरत असायचा, मी परत यायच्या आत तो कामावर. निवांत गाठ पडायची ती गुरुवारच्या सुट्टीला. दत्तानं कुणाकडून तरी टीव्हीला जोडायचा जुना गेम मिळवला होता. एक जाडा बेडूक उड्या मारत, खड्डे ओलांडत पुढं जातो, एवढंच. त्याचे चार भाग होते आणि चारही भागांत एक गंमत सारखी होती — मध्येच एक निळं पीस सापडायचं. ते मिळालं की हा बेडूक उडायचा. काटे, खड्डे, आग, सगळ्याच्या वरून. कुठं धक्का लागला की पीस गेलं.

आम्ही एकच गेम पाळीपाळीनं पुढं न्यायचो. सकाळी तो, संध्याकाळी मी. तिसऱ्या भागात आगीची एक दरी होती, तिथं आम्ही पंधरा दिवस अडकलो. त्या भागात पीस एकदाच मिळायचं, पण ते पेटीत लपवून ठेवता यायचं. पहिल्या खेपेला मी ते दरीच्या आधीच एका फालतू काट्यावर घालवलं आणि सगळा भाग पुन्हा पहिल्यापासून खेळावा लागला. दत्ता नुसता हसला. त्या हसण्याचा मला इतका राग आला होता — अजून येतो, काय करू? शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता कंपनीतलं सांगतो. तपासणीच्या टेबलावर लाकडी पेटीत एक मास्टर पीस असायचा. अगदी बिनचूक मापाचा. रोज सकाळी आधी त्याच्यावर मोजायची साधनं जुळवायची, मग बाकीचा माल तपासायचा. एका मंगळवारी तो माझ्या हातून निसटला. फरशीवर पडला, कडेला खाच पडली. बस, एवढंच. जाऊन सांगितलं असतं तर काय झालं असतं? सुपरवायझर साहेबांनी आईबहिणीवरून चार शब्द ऐकवले असते, एक कागद भरावा लागला असता. पण कायम करायच्या मुलांची यादी त्याच महिन्यात लागणार होती. आमच्या विभागातून दोन नावं जाणार होती, माझं आणि दत्ताचं. मी इकडंतिकडं पाहिलं आणि तो पीस भंगाराच्या ड्रममध्ये, लोखंडी कचऱ्याच्या खाली खुपसला. दुपारी भंगाराची गाडी तो घेऊन गेली.

हा गुन्हा नाही. म्हणजे आहे, पण मला सांगायचा आहे तो हा नाही.

बुधवारी पेटी रिकामी सापडली आणि बोंब झाली. पुढच्या आठवड्यात आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीची माणसं पाहणीला येणार होती. साहेबांनी रिकाम्या पेटीचा फोटो वर पाठवायला माझा फोन मागितला. त्यांच्या फोनचा कॅमेरा बिघडलेला. मी फोन उघडून दिला, आणि त्यांच्या हातात असतानाच दत्ताचा मेसेज आला. तो खोलीवर बसून खेळत होता. मेसेज इंग्रजी अक्षरांत, आपण सगळेच लिहितो तसा. 'पीस मी लपवून ठेवलंय. तू हात लावू नको. उद्या बघू.'

आता बघा. बोलताना कुणी चुकलं नसतं. बेडकाचं ते पीस, म्हणून ठेवलंय. कंपनीतला तो पीस, म्हणून ठेवलाय. पण इंग्रजी अक्षरांत दोन्ही सारखंच दिसतं. साहेबांनी 'ठेवलाय' वाचलं. ते चाकणचेच, जुन्या घरातले. शांतपणे म्हणाले, "ह्ये काय हाय रं?"

मला मेसेजचा अर्थ त्याच क्षणी कळला होता. आणि मी म्हणालो, "मला काय माहीत, साहेब."

इथंही थांबता आलं असतं. तीन वाजता दत्ता कामावर आला. त्याला गेटवरूनच केबिनमध्ये आणलं, मलाही बोलावलं. पीस कुठं आहे विचारल्यावर तो आधी गोंधळला, मग मेसेज दाखवल्यावर खो खो हसला. बेडूक, पीस, आगीची दरी, सगळं सांगायला लागला. साहेबांचा चेहरा आणखीच तापला. घोड्यासारखा वाढलेला माणूस बेडकाच्या गोष्टी सांगतो, त्यांना ती थट्टा वाटली. दत्ताच्या ते लक्षात आलं तेव्हा त्याचं हसू गेलं. तो माझ्याकडं वळला. "काय बोलायलेत हे? सांग की रे भावा, आपण दोघं खेळतो म्हणून."

साहेबांनी मला विचारलं, "खेळतो का रं?"

मी म्हणालो, "न्हाई साहेब. मी असले गेम खेळत नाही."

हे ते वाक्य. इतकी वर्षं तोंडात धरून बसलोय.

भीती होती? होती. पण नुसती भीती असती तर माझा आवाज कापला असता. कापला नाही. त्या क्षणी माझ्या मनात काय होतं सांगू? — हात लावू नको म्हणतो. मला. जसं काही मी लहान पोर आहे. एका खोट्या पिसावरून माझ्या मनात एवढी आढी होती, आणि ती मी त्याच्या नोकरीवर काढली. त्याचं लग्न ठरत आलं होतं, मुलीकडच्यांनी कायम झाल्यावर बघू असं सांगितलं होतं, हे मला माहीत होतं. सगळं माहीत होतं.

त्याचं ओळखपत्र तिथंच काढून घेतलं. खोलीवर पोचलो तर तो बॅग भरत होता. भांडेल म्हणून मी तयारीत होतो. तो म्हणाला, "घाबरला असशील. जाऊ दे." मास्टर पीस मीच घालवला हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. मी घाबरलो असं त्याला वाटत होतं आणि मी ते वाटू दिलं. पुढच्या महिन्यात मी कायम झालो. त्याचं ते लग्न मोडलं.

गेल्या महिन्यात दुपारी मला एक फोन आला. वाळूजच्या एका कंपनीतून. दत्तानं तिथं अर्ज केला होता आणि ओळखीचा माणूस म्हणून माझं नाव दिलं होतं. माझं. फोनवरच्या बाईंनी विचारलं, माणूस कसा आहे? मी म्हटलं, सोन्यासारखा. मग त्यांनी विचारलं, तुमची कंपनी त्यांनी का सोडली?

समोर कुणी नव्हतं. साहेब केव्हाच निवृत्त झालेत. मला कुणी काढणार नव्हतं, यादी लागायची नव्हती. एक वाक्य बोलायचं होतं. आणि मी म्हणालो, "घरगुती कारण होतं, मॅडम."

संध्याकाळी दत्ताचा मेसेज आला. काम झालं, भावा. तुझ्यामुळं.

मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.