काट्यावरची बारा मिनिटे

मंगळवार पेठेतल्या घरून एसटीने तासभर, मग कारखाना. साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात मी सतरा वर्षे काढली. दोन हजारनंतरच्या एका गळीत हंगामातली एक सकाळ अजून टोचते.

उसाच्या वजनाची पावती फक्त कॉम्प्युटरवर निघायची. वजनावरून तंटे झाल्यापासून हाताने लिहिलेली पावती बंद होती. त्या दिवशी आठच्या पाळीला काट्यावरचे चारही कॉम्प्युटर सुरू झाले, पण पावतीचा प्रोग्राम एकावरही उघडेना. कुणाला काय उघडता येईल याचे नियम, म्हणजे ग्रुप पॉलिसी, मुख्य ऑफिसातल्या सर्व्हरवरून येत. काट्याच्या खोलीत दुसरा सर्व्हर होता. इथून नियमांची फाइल मागितली की पडद्यावर एकच उत्तर येई : अ‍ॅक्सेस डिनाइड, म्हणजे परवानगी नाही.

खिडकीतून वाहने मोजली. त्रेचाळीस, त्यात अकरा बैलगाड्या. तोडलेला ऊस उन्हात वाळतो आणि घटणारे वजन शेतकऱ्याचे असते.

"ओ पावणं, मशीन झोपलंय का तुमी?" रांगेतून कुणीतरी विचारले. हसले सगळे, मी सोडून.

फाइलींच्या परवानग्या तपासल्या, बरोबर होत्या. वायर बदलून पाहिली. केनयार्डचे, म्हणजे उसाच्या गाड्या थांबतात त्या आवाराचे, सुपरवायझर पाठीशी उभे होते. सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाका, भानगड मिटेल, असे ते दोनदा म्हणाले. साडेनऊला माझा हात तिथवर गेलाही. पण मग वजनाची नोंद कुणालाही बदलता आली असती. हात मागे घेतला.

शेवटी दोन्ही सर्व्हरवरच्या नोंदी कागदावर शेजारी शेजारी उतरवल्या. घटना एकच; एकीकडे नऊ एकेचाळीस, दुसरीकडे नऊ त्रेपन्न. मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

पाळीची माणसे वेळेवर यावीत म्हणून काट्याच्या खोलीतले घड्याळ बारा मिनिटे पुढे ठेवलेले असे. पावतीवरची वेळ त्याच्याशी जुळत नाही म्हणून रोज वाद व्हायचे. आदल्या दिवशी मीच काट्याच्या सर्व्हरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवली होती. ती आपोआप बदलू नये म्हणून वेळ जुळवणारी सोयही बंद केली होती. पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की असे सर्व्हर एकमेकांची ओळख मानत नाहीत. हे मला माहीत होते. सर्व्हरची वेळ पुढे करताना मात्र मनातच आले नाही.

वेळ मागे घेतली, ती सोय चालू केली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावले. दहा वीसला प्रोग्राम उघडला. लाईट गेलती म्हणून सांगू, असे सुपरवायझर हळूच म्हणाले. मी नको म्हणालो आणि बाहेर गेलो.

सगळ्यात पुढे एका वयस्क शेतकऱ्याची बैलगाडी होती. त्याला सांगितले, चूक माझी आहे, कॉम्प्युटरचे घड्याळ मी बारा मिनिटे पुढे केले.

"बारा मिन्टं व्हय?" बैलाच्या पाठीवरून हात फिरवत तो म्हणाला. "आनि आमी हुबं किती ऱ्हायलो?"

"दोन तास वीस मिनिटे."

"मग त्येबी पावतीवर लिवा की, सायेब."

पावतीत तसा रकाना नव्हता. मी तसे सांगितले. त्याने बैल काट्यावर घेतले.