चौदा चौकटींतले पाय

मी गाव सोडलं तेव्हा एकोणीस वर्षांची होते. उमरखेड तालुक्यातल्या आमच्या गावात एसटी आत येत नव्हती, फाट्यावर थांबायची. सकाळच्या गाडीनं नांदेड गाठायचं आणि तिथून पुण्याची गाडी धरायची, असं ठरलं होतं. चित्रकलेच्या डिप्लोमाला नंबर लागला होता. मायनं पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली आणि आमच्या बौद्धवस्तीतून निघून, गावातल्या मोठ्या गल्लीतून ती फाट्यापर्यंत माझ्यापुढं चालत गेली. रडारड झाली नाही. गाडी आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पोहोचली का पत्र टाकजो. अन् उपाशी नोको राहू."

पत्र मी आठ दिवसांनी टाकलं. उपाशी फारशी राहिले नाही. पुण्यात आधी जाहिरातींची चित्रं काढली, मग शाळेच्या पुस्तकांची, आणि चाळिशीत अनघा नावाच्या मैत्रिणीबरोबर कॉमिक्स छापायला लागले. आमचं प्रकाशन म्हणजे दोन बाया, एक स्कॅनर आणि अनघाच्या गॅलरीत रचलेली पुठ्ठ्याची खोकी.

गावाकडं हा धंदा समजावून सांगता येत नाही. हे वाचणाऱ्या, माझ्यासारखंच गाव सोडून गेलेल्या तुम्हा लोकांनाही फारसा येत नाही. कॉमिक्स म्हटलं की तुम्ही तुमच्या लहानपणीचं सांगायला लागता. आमच्या धंद्यात बातम्या दोनच प्रकारच्या असतात. कुणीतरी बंद केलं, नाहीतर कुणीतरी सुरू केलं. यंदा आमची पुस्तकं ठेवणाऱ्या एका दुकानानं ते कपाटच काढून टाकलं. त्याच महिन्यात नागपूरच्या दोन पोरींनी घरी पिना मारून वऱ्हाडीतली चित्रकथा काढली आणि ती हातोहात गेली. बाकी वर्षभर सगळ्यांचं लक्ष हिवाळ्यातल्या छोट्या प्रकाशकांच्या मेळ्याकडं असतं. त्या दोन दिवसांत नवं पुस्तक टेबलावर नसेल तर ते वर्ष गेलंच म्हणायचं.

यंदाचं आमचं नवं पुस्तक माझंच होतं. घर सोडल्याची गोष्ट. त्यात घर ते फाटा ही चाल मी चौदा चौकटींत काढली होती. पेटी, गल्ली, मायची पाठ, मायचे पाय. छपाईला चार दिवस असताना मी डमी, म्हणजे नमुन्याची प्रत, घेऊन गावाला गेले. विचारायला नव्हे, दाखवायला.

माय चौथी शिकलेली आहे. तिनं चष्मा पुसला आणि बोट ओलं करून पानं उलटायला लागली.

"नाक तं तुह्या बापासारखं काढलं माहं."

"तुझं तसंच आहे."

"राहू दे मंग." पुढं एका पानावर ती थांबली. मागं गेली, पुन्हा पुढं आली. "माह्या पायात काहीच नाही?"

मी पाहिलं. चौदाही चौकटींत ती अनवाणी होती.

"मी त्या गल्लीतून उघड्या पायानं कधी गेली? तुले माईत नाही? तुहा आजा वहाणा हातात घेऊन जाये तिथून, पायात घालू देत नोहते त्याईले. दीक्षा घेतली अन् मंग त्यानं पायात घातल्या. मी सून होऊन आली तं पह्यली वस्तू त्यानं मले वहाणाच आणून देल्ल्या. अन् तू पुस्तकात काढून घेतल्या."

आवाज चढलेला नव्हता. तिनं डमी मिटून माझ्याकडं सरकवली आणि चहा ठेवायला उठली.

मला हे ठाऊक होतं. लहानपणी शंभरदा ऐकलं होतं. तरी हातानं अनवाणी पाय काढले, कारण तीस वर्षं मी जी चित्रं बघत आणि काढत आले त्यांत डोक्यावर ओझं असलेल्या खेड्यातल्या बाईच्या पायात कधी काही नसतं. त्या सकाळी मी मायच्या पायांकडं पाहिलंच नव्हतं. माझं लक्ष गाडी चुकेल का इकडं होतं. रिकाम्या जागी मी दुसऱ्यांच्या चित्रातले पाय आणून बसवले.

अनघाला फोन केला, स्पीकरवर. ती म्हणाली, "अगं, मेळा दहा दिवसांवर आलाय. पायांकडं कोण बघतं?"

स्वयंपाकघरातून माय म्हणाली, "मी पाह्यलं ना."

छपाई थांबवली. अनघा दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली, आणि तिचं चुकलं असं मला वाटत नाही. मेळ्यात आमच्या टेबलावर जुनीच पुस्तकं होती. शेजारचे लोक नव्या पुस्तकांवर सह्या करत होते आणि मी मान खाली घालून चौकटींतल्या मायच्या पायांत चपला रेखाटत बसले होते. एक पोरगी वाकून बघायला लागली. मूळची वणीची, आता पुण्यात एका कंपनीत. मी काय करते आहे ते सांगितलं. तिनं बराच वेळ पाहिलं.

"अंगठ्याची काढा ना काकू. माझी आजी अंगठ्याचीच घालायची. अन् टाच घासलेली पाहिजे."

टाच घासलेली काढली. ते तिच्यामुळं.

पुस्तक दोन महिने उशिरा आलं आणि हळूहळू जातंय. मायनं प्रत पाहिली, "आता जमलं," म्हणाली आणि शेजारणीला दाखवायला घेऊन गेली. ती प्रत अजून परत आलेली नाही.

घर कुठलं, असं लोक विचारतात. पुण्याच्या फ्लॅटच्या दारावर माझं नाव आहे, गावात माझ्या नावावर काही नाही. मी परत जाणार नाही. तिथं मला काम नाही आणि संध्याकाळी सातनंतर करमत नाही. पण आता प्रत्येक पुस्तकाची डमी आधी गावाला मायकडं जाते, मग ते कुणाचंही असो. सध्या झरी जामणीकडच्या एका कोलाम आदिवासी मुलीचं पुस्तक तिकडं गेलं आहे. छापखानेवाले सकाळपासून तिसऱ्यांदा विचारताहेत, मॅडम, मशीनवर चढवू का?

मी म्हटलं, थांबा. घरून अजून फोन आलेला नाही.